रिकामं वाटणारं घर

“माफ करा हं,” बाबा म्हणाले, आणि कपाटाला वाट देण्यासाठी भिंतीला चिकटून उभे राहिले.

ती दारातच होती. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, एक चप्पल पायात आणि एक काढलेली. दारावरचा विंड चाइम अजून पुरता थांबला नव्हता. तो वाजलेला ऐकूनच बाबा खुर्चीतून उठून तिच्याकडे यायला निघाले होते आणि वाटेत त्यांचा खांदा कपाटाला घासला होता. हे कपाट रविवारपर्यंत आतल्या खोलीत होतं. रविवारी तिने आणि दोन हमालांनी ते ओढत आणलं आणि दार नि बाल्कनी यांच्या मधोमध आडवं उभं केलं. बाबांना तसं सांगितलंही होतं. पण कानांना सांगितलेलं अंगाला कळायला वेळ लागतो. बाबांच्या चेहऱ्यावर ते अगत्याचं, किंचित ओशाळं हसू होतं, दुकानात ध्यानीमनी नसताना गिऱ्हाईक आत आलं की यायचं तसलं. “बसा ना,” ते कपाटाला म्हणाले. मग तिच्या दिशेने वळून, आवाज जरा खाली घेऊन, “अगं, कुणाला घेऊन आलीस? आधी सांगायचंस तरी.”

तेव्हाच हसून टाकायला हवं होतं. ‘बाबा, कपाट आहे ते,’ एवढंच. एरवी तिने तसंच केलं असतं, आणि बाबाच सगळ्यांत जास्त हसले असते. पण त्यांनी कपाटापुढे मान किंचित लववली होती, आणि त्या मान लववण्यात काहीतरी इतकं नीटस, इतकं पुरं होतं, की ते मोडायला तिची जीभ रेटेना. “निघालेच होते ते,” ती म्हणाली. “गेले.” आणि तिने दार उघडून पुन्हा लावलं, जरा आवाज करून, कुणी गेल्यासारखं. चाइम परत वाजला. “पाणीसुद्धा नाही विचारलंस,” बाबा म्हणाले, आणि हात पुढे करून, कपाटाची कड चाचपून, हळूहळू त्याला वळसा घालून परत गेले. कपाट त्यांच्या हाताला लागलं होतं आणि तरीही तो मघाचा माणूस त्यांच्या मनात तसाच माणूस राहिला होता. स्वयंपाकघरात भाजी निवडताना तिच्या मनात पाल चुकचुकली. खोटं बोलल्याचं तिला विशेष वाटत नव्हतं. ते बोलायला काहीच जड गेलं नाही, याचं वाटत होतं.

घर विकायचं ठरून बराच काळ लोटला होता. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात राहायचा आणि फोनवर म्हणायचा, “ताई, तीन मजले, लिफ्ट नाही, बाबांना दिसत नाही, तू दिवसभर बाहेर. किती दिवस असं रेटणार?” त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. बघायला माणसंही यायची. पण घर बघायला आलेला माणूस बाबांच्या तावडीत सापडायचा. बाबांनी जन्मभर कपडे बेतले होते. कपडे शिवण्याच्या कारखान्यात ते कटिंग मास्टर होते, मग स्वतःचं दुकान. सगळे त्यांना मास्टरच म्हणायचे. माणूस आत आला की त्याच्या आवाजावरून ते त्याची छाती आणि उंची सांगायचे, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचे. मग गप्पा. “ह्या भिंतीला पावसात ओल येते बरं का. पण मी पाठ टेकून बसतो, त्यामुळे दिसत नाही.” माणसं हसायची, चहा घ्यायची, मास्टरांचा हात हातात घेऊन निरोप घ्यायची आणि पुन्हा फोन करायची नाहीत. एजंट चांगला होता, नेहमी पेपरमिंटची गोळी चघळत असायचा. एक दिवस जिन्यात थांबून तो तिला म्हणाला, “ताई, घरात खोट नाही. पण तुमच्याकडे आलं की माणसाला पाहुणा झाल्यासारखं वाटतं. पाहुणा घर विकत घेत नाही. त्याला मालक झाल्यासारखं वाटलं पाहिजे.” आणि त्याने फेंगशुईवाल्या बाईंचा नंबर दिला.

त्या बाई लबाड असत्या तर किती बरं झालं असतं, असं तिला पुढे फार वेळा वाटलं. लबाडाला हाकलून देता येतं. त्या बारीक चणीच्या, मऊ आवाजाच्या होत्या. लाकडी तबकडीत बसवलेलं, भोवती वर्तुळंच वर्तुळं काढलेलं एक होकायंत्र दोन्ही तळहातांवर धरून त्या खोल्याखोल्यांतून अशा हिंडल्या, जणू काठोकाठ भरलेलं भांडं नेत आहेत. बाबा खुर्चीत बसून त्यांच्या पावलांच्या आवाजाबरोबर मान फिरवत होते. “दार उघडलं की समोर थेट बाल्कनी,” बाई म्हणाल्या. “ह्या दारातून ची आत येते आणि त्या दारातून न थांबता निघून जाते.”

“ची?” बाबा म्हणाले. “कुणाची?”

“कुणाची नाही हो काका. ची म्हणजे ऊर्जा. फेंगशुई म्हणजे वारा आणि पाणी.”

“हात्तिच्या! म्हणजे हवापाणी. ते इथलं पहिल्यापासून उत्तम आहे.”

बाईसुद्धा हसल्या. मग त्या बाबांच्या खुर्चीपाशी थांबल्या. पाठीशी भक्कम भिंत, समोर तिरकं दार, डाव्या हाताला खिडकी. सबंध घरातली सगळ्यांत जोरकस जागा ही, त्या म्हणाल्या. इथे जो बसतो, घर त्याचं. हे त्यांनी इतकं साधेपणाने सांगितलं, की त्यात तिला शंका घ्यावीशी वाटली नाही; हे तिला लहानपणापासून माहीत होतंच, फक्त कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. “बघायला येणाऱ्याला वाटलं पाहिजे की ही जागा आपली वाट बघतेय,” बाई तिला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाल्या. “घर रिकामं वाटलं पाहिजे.”

“पण आम्ही राहतो ना इथे.”

“राहा की. पण हलकं राहा.”

खुर्ची हलली. कपाट मधे आलं. पलंग फिरला, कारण झोपलेल्या माणसाचे पाय दाराकडे असू नयेत. माणसाला घरातून शेवटचं तसंच नेतात. दिवाणखान्यातलं बाबांचं कापड बेतायचं टेबल गेलं. एवढं अवजड लाकूड घराच्या मध्यावर म्हणजे छातीवर धोंडा, असं बाई म्हणाल्या, आणि ते म्हणताना त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. टेबल एका शिवणक्लासला दिलं. ते जिन्यातून उतरवताना हमालांचा आरडाओरडा चालला होता आणि बाबा बाल्कनीत उभे राहून रस्त्याकडे तोंड करून ऐकत होते. त्यांना विचारलं होतं. सगळं त्यांना विचारूनच केलं होतं. “करा की,” ते म्हणाले होते, “मला कुठे काय दिसतंय.” ते विनोदाने म्हणाले होते का? तेव्हा तिने तो विनोद धरला. घराच्या बाबतीत माणूस आपल्या सोयीचं तेवढंच ऐकतो.

त्यांचे डोळे एकदम गेले नव्हते. काचबिंदू कडेकडेने आला, कापड कडेने उसवत जावं तसा. मधला तुकडा बरीच वर्षं शाबूत होता, आणि त्या वर्षांत बाबांनी आंधळेपणाचा सराव केला. आई तेव्हा होती. आई ओरडायची, “अहो, अजून दिसतंय तोवर बघून घ्या की जगाकडे!” आणि बाबा डोळे मिटून टेबलाच्या कडेने बोटं फिरवत चालायचे, दारापर्यंत, दारातून परत, बेसिनपाशी, पलंगापाशी. टेबलाची कड हा त्यांचा कठडा होता. कात्रीने पडलेल्या खाचांवरून त्यांना कळायचं आपण कुठे आलो. आणि दारापासून बाल्कनीपर्यंतची ती सरळ, मोकळी पट्टी, जिच्यातून म्हणे ची पळून जात होती, तिच्यावरून बाबा हात पाठीमागे बांधून चालायचे. कुठेही न चाचपता. सबंध जगात तेवढ्या एकाच वाटेवर ते आता डोळस माणसासारखे चालत, आणि चालताना शीळ घालत. आई गेल्यावर ती नवऱ्याचं घर सोडून इथे परत आली. त्याला आधीच कारणं होती, आईचं जाणं हे निमित्त. पहिल्या दिवशी दारात उभी राहिली तेव्हा बाबा असेच शीळ घालत बाल्कनीकडून चालत आले होते, थेट तिच्यापाशी येऊन थांबले होते, आणि दोन्ही पंजे तिच्या खांद्यांवर ठेवून म्हणाले होते, “खांदे उतरलेत तुझे.” तेवढंच. पुन्हा कधी काही विचारलं नाही. त्याबद्दल ती त्यांची कायमची ऋणी होती आणि, का कुणास ठाऊक, त्याबद्दलच तिला त्यांचा कधीकधी रागही यायचा.

दाराशी, आत येताना उजव्या हाताला, बाईंनी एक छोटं कारंजं ठेवायला सांगितलं होतं. विजेवर चालणारं. दगडाच्या चकत्यांवरून पाणी खाली पडायचं, पुन्हा वर चढायचं, पुन्हा पडायचं. वाहतं पाणी घरात माणसं ओढून आणतं. कारंजं चालू झाल्याच्या पहिल्या दिवशी बाबांनी दोनदा बेसिनचा नळ तपासला. मग त्यांना समजावलं. मग त्यांनी नळ तपासणं सोडलं. पण त्यांचं चालणं बदललं. पूर्वी ते खोलीच्या मध्यावर क्षणभर थांबत, जिभेने टाळूवर हलकेच टक् करत, आणि त्या आवाजाच्या परत येण्यावरून भिंत ओळखत. आता ते टक् करत, आणि उभे राहत. पुन्हा टक् करत. मग खाली बसत, जिथे असतील तिथे, आणि ती येईपर्यंत बसून राहत.

ती कानाच्या दवाखान्यात श्रवणचाचण्या घ्यायची. एक आवाजबंद खोली, तिच्या भिंतींना करडा स्पंज, मधे काच. काचेच्या आत माणूस कानांवर हेडफोन लावून बसतो, हातात बटण घेऊन, आणि काचेच्या बाहेर ती. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. तिला यातला सगळ्यांत अवघड भाग माणसांची भीती हा वाटायचा. नापास होऊ नये म्हणून माणसं न ऐकलेल्या आवाजालाही बटण दाबतात. पूर्ण शांततेत, काहीच वाजत नसताना, काचेआडचा अंगठा हळूच हलतो. त्या आठवड्यात असाच एक शाळामास्तर आला होता, एका कानाने बहिरा. अशांच्या चाचणीत चांगला कान चोरून मदत करतो, म्हणून त्या चांगल्या कानात एकसारखा, अखंड सळसळाट सोडायचा आणि त्याला गुंतवून ठेवायचं. मग तो बाकी काही ऐकू शकत नाही. तिने सवयीने चकती फिरवली. सळसळ सुरू झाली. आणि चकतीवरचा हात तिथेच थांबला. हा आवाज तिच्या घरात होता. दिवसभर, दाराशी, उजव्या हाताला. तिने आपल्या हाताने बटण दाबून चालू केला होता. काचेच्या आत शाळामास्तर तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होता.

त्या संध्याकाळी घरी जाऊन कारंजं बंद करायचं असं ठरवूनच ती जिना चढली. दार उघडलं. बाबा आतल्या खोलीत पलंगावर आडवे झाले होते. दिवाणखान्यात उतरतं ऊन होतं, आणि टेबल गेल्यामुळे ते अडवायला काहीच नव्हतं. फरशीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं होतं. बाईंनी लावायला सांगितलेल्या नव्या आरशात खिडकी दुसऱ्यांदा उघडली होती. ती, चप्पलसुद्धा न काढता, बाबांची खुर्ची जिथे असायची तिथे जाऊन भिंतीला पाठ लावून खाली बसली. पाणी पडत होतं. लहानपणापासून ह्या घरात ती कुठे ना कुठे अंग चोरून बसली होती, टेबलाखाली कापडाच्या चिंध्यांत, दाराआड, आईच्या पलंगाच्या कडेला. आता समोर सगळं मोकळं होतं आणि ते तिचं होतं. हा विचार तिने केला नाही. तो आधीच तिथे येऊन बसला होता, आणि तिने फक्त त्याच्या शेजारी जागा घेतली. आतून बाबांनी हाक मारली, “आलीस का?” तिने ओ दिली नाही. लगेच दिली नाही, इतकंच. थोड्या वेळाने दिली. कारंजं तिने त्या दिवशी बंद केलं नाही, आणि मग दुसऱ्या दिवशी बंद करायला काही खास कारण उरलं नाही.

“आज ते पुन्हा आले होते,” बाबा जेवताना म्हणाले.

“कोण?”

“त्या दिवशीचे. तू आणलेले.” त्यांनी घास खाली ठेवला. “आज जास्त होते.”

तिला वाटलं, हे आपण पेरलं. एक खोटं, दयेपोटी बोललेलं, आणि ते ह्या माणसाच्या अंधारात जाऊन उगवलं. तिने सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी कुणी नव्हतं, बाबा. कपाट होतं. तुम्ही कपाटाला बसा म्हणालात आणि मला तुमची लाज वाचवायची होती. बाबा लक्ष देऊन ऐकत होते. मग हसले. “वेडी आहेस. असेल त्या दिवशी कपाट. पण कपाट श्वास घेत नाही.” आणि त्यांनी सांगितलं. ती कामावर गेली की येतात. बोलत नाहीत. एकाच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा असतो, वाजू नये म्हणून घट्ट दाबलेला. धातूवर धातू दाबला की बारीक करकर होते, तेवढीच. एक बाई असते, तिचा स्कर्ट किंवा काय असेल ते, चांगल्या कापडाचं आहे, अस्तर लावलेलं, चालताना घासतं. “मी ‘कोण आहे?’ म्हटलं की सगळे जागच्या जागी थांबतात. श्वास धरतात. लहान मुलं खेळतात ना, पुतळा-पुतळा, तसं. मग मी आपला बसून राहतो. उगाच त्यांची पंचाईत कशाला.” ते हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हते, तेच तिला सहन होईना. “काल एक लहान मूल होतं. माझ्या खुर्चीच्या हाताला हात लावून गेलं. गरम हात.”

तिने घर तपासलं. कुलूप जसंच्या तसं. चाइम जसाच्या तसा. शेजारीण म्हणाली, नाही बाई, मी काही आवाज ऐकला नाही. एक किल्ली एजंटाकडे होती, पण फोन केल्याशिवाय यायचं नाही असं ठरलं होतं, आणि त्याचा फोन फक्त रविवारचा यायचा. तो विचार तिच्या मनाला शिवला, नाही असं नाही. शिवला, आणि तिने त्याला फोन लावायला घेतलाही. पण काय विचारणार? माझ्या आंधळ्या वडिलांना असं वाटतं की? आणि तो ‘हो’ म्हणाला असता तर? हे दुसरं तिने मनातसुद्धा पूर्ण वाक्यात विचारलं नाही. फोन खाली ठेवला आणि धाकट्याला लावला.

“ताई,” धाकटा म्हणाला, “हे आता तुझ्या हाताबाहेर चाललंय. तू एकटीने किती करशील?” त्याच्या आवाजात खरी माया होती. तिला रडू आलं. इतक्या वर्षांत तिला कुणी असं विचारलं नव्हतं.

डॉक्टर तरुण आणि सभ्य होते. त्यांनी बाबांना वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. बाबा कापडाचा हिशेब करावा तसे भराभर खाली उतरत गेले. डॉक्टर हसले. “मास्टर, तुमचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतंय. आता सांगा, घरी कुणी दिसतं का?”

“दिसेल कसं? पण असतात.”

“कोण असतात?”

“ते नाही सांगता यायचं. बोलत नाहीत ना.” आणि मग, समजूत घालावी तसं, “सभ्य माणसं आहेत. काही नेत नाहीत.”

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. खोलीत पंखा फिरत होता. बाबांनीही मान तिच्याकडे वळवली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भरवसा होता, साधा, व्यवहारातला, आपला माणूस आपल्या बाजूने दोन शब्द बोलेल असा. “घरी कुणी येत नाही, डॉक्टर,” ती म्हणाली. “दिवसभर ते एकटेच असतात.” तिचा आवाज स्थिर होता. बाबांनी मान पुन्हा सरळ केली, हात मांडीवर घेतले आणि सदऱ्याची खालची शिवण दोन बोटांत धरून तिच्यावरून पुढे-मागे फिरवत राहिले. डॉक्टर समजावत होते, की नजर गेली, ऐकणं गोंधळलं, की मेंदू रिकाम्या जागा पदरचं घालून भरतो. गोळी सुरू करू. आणि एकटं ठेवू नका.

गोळीने बाबा मवाळ झाले. बोलता बोलता त्यांचं वाक्य मधेच बसकण मारायचं. माणसं येतात का, असं ती संध्याकाळी विचारायची, आणि ते थोडा विचार करून म्हणायचे, “यायची. आता नक्की नाही सांगता येत.” धाकट्याने शहराबाहेरच्या एका संस्थेत त्यांच्यासाठी खोली बघितली, स्वच्छ होती, कठडे होते, दिवसरात्र माणूस होता. न्यायला गाडी आली त्या सकाळी बाबांनी स्वतःची मापाची टेप खिशात टाकली, दारात उभे राहिले, आणि जिभेने टाळूवर टक् केलं. कारंजं चालू होतं. ते जरा थांबले. मग त्यांनी तिचा दंड धरला आणि उतरले.

त्यानंतर आठवडाभरात घर गेलं. एजंटाचा आनंद गगनात मावत नव्हता. “बघा, म्हटलं नव्हतं? हवापाण्याचा गुण!” फेंगशुईवाल्या बाईंनी फोन करून तिचं मनापासून अभिनंदन केलं आणि नवीन जागा बघताना आधी मला दाखव, असं बजावलं. ताबा द्यायच्या दिवशी ती लवकर जाऊन रिकाम्या दिवाणखान्यात थांबली. घेणारं जोडपं आलं. नवरा खिडक्यांची मापं घेऊ लागला. बायको, हसऱ्या तोंडाची, पोटऱ्यांपर्यंत रेशमी अस्तराचा स्कर्ट घातलेली, फरशीवरून चालत तिच्याकडे आली, आणि तिला तो आवाज ऐकू आला. अस्तराचा. ऐकण्याचं काम करणाऱ्या तिच्या कानांना तो दारापासूनच ऐकू आला होता.

“बाबा कसे आहेत तुमचे?” ती बायको म्हणाली. “आम्हाला फार कौतुक वाटायचं त्यांचं. किती शांत बसायचे!”

“तुम्ही त्यांना कुठे पाहिलंत?”

“इथेच की. कितीदा तरी आलो आम्ही, तुम्ही कामावर असताना. ह्यांना घर वेगवेगळ्या वेळी बघायचं होतं ना, ऊन कुठून येतं वगैरे.” तिने एजंटाकडे पाहिलं. एजंट गोळी गालात सरकवून हसला.

“म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास, म्हणून आम्ही अगदी पाऊल न वाजवता यायचो, ताई. चपला खाली जिन्यात. ते घंटीचं हाताने धरायचं. आणि पाण्याचा आवाज होताच. त्यांना काही कळायचं नाही. शिवाय ते बोलायला लागले की... तुम्हाला माहितीच आहे.”

“एकदा मात्र कळलं असं मला वाटलं,” ती बायको म्हणाली. “त्यांनी ‘कोण आहे?’ विचारलं. मी बोलणारच होते, पण ह्यांनी खूण केली. मला बाई फार चुटपूट लागली. आमची मुलगी तर ऐकेचना, त्यांच्या खुर्चीला हात लावून आली. म्हणाली, आजोबा हसले.”

काहीतरी बोलायला हवं होतं. एजंटाच्या गळ्याला धरायला हवं होतं, निदान आवाज चढवायला हवा होता. ती उभी राहिली. आपला चेहरा काय करतोय हे तिला कळत नव्हतं, पण ती बायको हसतच होती, त्या अर्थी तो हसत असावा. तिने पर्समधून किल्ल्या काढल्या आणि त्या बायकोच्या हातात ठेवल्या. “सुखाने राहा,” ती म्हणाली.

संस्थेकडे जाणारी बस रिकामी होती. ती खिडकीशी बसून वाक्य तयार करत होती. ‘बाबा, ती माणसं खरी होती.’ एवढं पुरे. ‘बाबा, तुमचं बरोबर होतं.’ त्यापेक्षा पहिलं बरं. मग त्यापुढे काय येतं ते तिला दिसायला लागलं. मग गोळी कशाला? मग इथे कशाला? मग डॉक्टरांसमोर तू? गोदामं मागे जात होती, भिंतींमागून भिंती, आणि प्रत्येक भिंतीगणिक ते वाक्य तोंडात जड होत गेलं. तरी ते तिने सोडलं नाही. जिना चढतानाही ते तिच्या तोंडात होतं.

बाबा खोलीत खुर्चीवर होते. खुर्ची भिंतीला पाठ देऊन, दार तिरकं समोर येईल अशी ठेवलेली होती. तिनेच पहिल्या दिवशी तशी ठेवून घेतली होती. त्यांचे केस कुणीतरी नीट विंचरले होते, पण भलत्याच बाजूला भांग पाडून. ती समोर स्टुलावर बसली आणि तिने त्यांचा हात हातात घेतला. तो पूर्वीसारखाच कोरडा, मोठा होता.

“बरं आहे इथे,” बाबा म्हणाले. “गुण आला गोळीचा. आता कुणी नसतं.”

“बाबा...”

“तुला फार त्रास दिला मी. दिवसभर कामावरून दमून यायचीस आणि मी काहीबाही सांगत बसायचो. ते मूल काय, ती बाई काय.” त्यांचा अंगठा तिच्या मनगटावरून फिरत होता. “मला इतकं खरं वाटायचं गं. अजूनही मधूनच वाटतं, की होतं कुणीतरी. मग मी स्वतःला दटावतो.” आणि मग, अगदी हळू, कुणी ऐकू नये असं, “खरंच कुणी नव्हतं ना?”

वाक्य तिच्या जिभेवर होतं. बाबांनी मान किंचित पुढे केली होती, उजवा कान तिच्याकडे. बाहेर पॅसेजमध्ये कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं, आणि ती त्या चाकाचा आवाज दूर जाईपर्यंत ऐकत राहिली.

“नव्हतं, बाबा,” ती म्हणाली. “कुणी नव्हतं.”

“हां,” बाबा म्हणाले. सुटल्यासारखे मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं, आणि त्या जागी दुसरं काही आलं नाही.

तेवढ्यात दार ढकलून इथली आया आत आली, औषधाचा ट्रे घेऊन, तोंडभर हसत. इथे येणाऱ्या सगळ्यांशी ती बोलायची तशा मोठ्या, लाडिक आवाजात ती म्हणाली, “अरे वा, मास्टर! आज कोण आलंय भेटायला?”

बाबा सावरून बसले. पाठ ताठ केली. विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर द्यायला धडपडणारी माणसं तिने काचेआड शेकड्यांनी पाहिली होती. तोच तो काळजीपूर्वक, शहाणा चेहरा. तिचा हात अजून त्यांच्या हातात होता. त्यांनी तो सोडला, अगदी अलगद, जिथे काही नाही तिथून बोटं काढून घ्यावीत तसा, आणि आपला हात मांडीवर ठेवला.

“कुणी नाही,” ते म्हणाले. “इथे कुणी नाही.”

आया खळखळून हसली आणि तिच्याकडे पाहून, काय बाई तरी हे, अशी मान हलवली. ती स्टुलावर तशीच बसून होती. तिने बोलायला तोंड उघडलं. बाबा सरळ समोर, तिच्या अंगातून पलीकडे बघत, आवाजाची वाट न पाहता, शांत बसले होते, आणि तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून श्वास धरून ठेवला आहे.